आप्पांचं शनिवारचं सँडविच : प्रकल्प नोंदी

४ जानेवारी, रविवार

आजपासून तारीख टाकून लिहून ठेवायलोय, कारण डोक्यात ठेवलं की दोन दिवसांनी कशात किती टाकलं होतं तेच आठवत नाही.

विषय आप्पांचा, म्हणजे माझ्या वडलांचा. डिसेंबरमध्ये बीपी १५८/९४ आलं, परत दोनदा मोजलं तरी वरचा आकडा दीडशेच्या खाली काही येईना, मग डॉक्टरांनी गोळी चालू केली आणि म्हणले मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत. आप्पांनी घरी येऊन लोणच्याची बरणी स्वतःच्या हातानं वरच्या फळीवर ठेवली, पापड बंद, भाकरीबरोबर मीठ-मिरची बंद. एसटीत तीस वर्षं कंडक्टर होते, नियम म्हणजे नियम. पण त्यात आमचं शनिवारचं सँडविचपण गेलं. माझी शेवटची बॅच साडेसातला सुटते, आप्पा चालत चालत ट्युशनच्या गल्लीपर्यंत येतात आणि कोपऱ्यावरच्या गाडीवर आम्ही दोघं एकेक मसाला चीज ग्रिल खातो, हे गेली सहा-सात वर्षं चालू आहे. लातूर-पुणे रातराणीवर असताना पहाटे स्वारगेटला उतरलं की ते चहाबरोबर सँडविच खायचे, तेव्हापासूनची आवड.

काल शनिवारी आले, गाडीपाशी उभे राहिले, मला म्हणले "तू खा, मी आहे हितंच." मला खाववलं नाही. पार्सल करून आणलं आणि पोरीला दिलं.

तर ठरवलं की तेच सँडविच घरी करायचं. तेच म्हणजे तेच, तीन स्लाइस, हिरवी चटणी, बटाटा, बीट, काकडी, वर कुरकुरीत, आत ओलं. सलाड-बिलाड आप्पांना द्यायचं नाही, सँडविच म्हणूनच आवडायला पाहिजे, नायतर काही उपयोग नाही. आणि सोडियम, म्हणजे मिठातला बीपी वाढवणारा भाग, पाचशे मिलिग्रॅमच्या आत.

५ जानेवारी

गाडीवरून एक पार्सल आणलं, न कापता, न ग्रिल करता. गाडीवाल्या मामांना खरं कारण सांगितलं, ते म्हणले "सर, आप्पा दिसले नाहीत म्हणून मीच विचारणार होतो." मग त्यांनी स्वतःहून प्रत्येक गोष्ट वेगळ्या कागदावर काढून दिली, चाट मसालापण नेहमी जेवढा भुरभुरतात तेवढा कागदावर भुरभुरून पुडी बांधून दिली. पैसे घेईनात, जबरदस्ती दिले.

ट्युशनमधल्या काट्यावर वजनं : ब्रेड तीन स्लाइस ८४ ग्रॅम, बटर १८, किसलेलं चीज ३०, हिरवी चटणी २५, बटाट्याची भाजी ६०, काकडी-टोमॅटो-कांदा-बीट मिळून ७०, बारीक शेव १२, सॉस २०. चाट मसाला २.६ ग्रॅम. मला वाटलं होतं ग्रॅमभर असेल.

७ जानेवारी, बुधवार

मी केमिस्ट्री शिकवतो, बारावीच्या पोरांसाठी छोटी लॅब आहे, तिथं सिल्व्हर नायट्रेट असतंच. पोरं गेल्यावर बसलो. दहा ग्रॅम ब्रेड कुस्करून १०० एमएल डिस्टिल्ड पाण्यात ढवळून गाळला, त्यातलं २५ एमएल घेतलं, म्हणजे अडीच ग्रॅम ब्रेडचं पाणी. पोटॅशियम क्रोमेटचे थेंब टाकले की पिवळं होतं. वरून ब्युरेटमधून (मापाच्या खुणा आणि खाली तोटी असलेली काचेची नळी) सिल्व्हर नायट्रेट सोडत जायचं, आधी पांढरा साका येतो, तो म्हणजे मिठातलं क्लोराइड चांदीबरोबर खाली बसायलं, आणि क्लोराइड संपलं की पुढचा थेंब विटकरी लाल. ५.२ एमएलला लाल झालं. ०.१ नॉर्मल (द्रावण किती तीव्र आहे त्याचं माप) द्रावणाचा एक एमएल म्हणजे ५.८५ मिलिग्रॅम मीठ, त्या हिशेबानं १०० ग्रॅम ब्रेडमध्ये सव्वा ग्रॅमच्या जवळ मीठ. ब्रेड खाताना कुणाला खारट लागतो का? मला तरी कधी लागला नाही, आणि तिथंच सगळी मेख आहे.

चाट मसाल्याला पहिल्यांदा गडबड झाली, लाल रंग येतच नव्हता, बराच वेळ थेंब सोडत बसलो. मग लक्षात आलं की आमचूर आहे, आंबटात क्रोमेट नीट काम करत नाही. चिमूटभर कॅल्शियम कार्बोनेट टाकून आंबटपणा मारला, परत केलं, नीट आलं. निम्म्याला थोडं कमी, १०० तले ४५ ग्रॅम मीठच.

आता एकूण बेरीज. मिठात सोडियम ३९ टक्के (२३ भागिले ५८.५, पोरांना रोज सांगतो). ब्रेड ४००, चाट मसाला ४६०, चीज ४२०, बटाटा २३५, सॉस १९०, बटर १५०, चटणी १५०, शेव ९५. ब्रेड आणि मसाला मोजून, चीज-बटर-सॉस घरातल्या पाकिटामागचे आकडे बघून, बाकी अंदाजानं. बेरीज २१०० मिलिग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाची मर्यादा २००० ची आहे. म्हणजे आप्पा शनिवारी संध्याकाळी उभ्या उभ्या अख्ख्या दिवसाचं मीठ खायचे आणि घरी येऊन वर पिठलं-भाकरी.

एक गोष्ट पोरांना पण सांगणार आहे. ह्या चाचणीत क्लोराइड दिसतं, सोडियम नाही. चीज वितळून एकजीव राहावं म्हणून त्यात सोडियमचे फॉस्फेट, सायट्रेट असले क्षार घालतात, त्यांच्यातलं सोडियम ब्युरेटला दिसणारच नाही. म्हणून चीजला पाकिटावरचा आकडाच धरला. खायच्या सोड्याचंपण तेच, चवीला खारट नाही पण सोडियम भरपूर.

उजव्या हाताची दोन बोटं काळी पडलीत सिल्व्हर नायट्रेटनं. काही दिवस राहतील. सांडलेलं आणि उरलेलं सगळं वेगळ्या बाटलीत, क्रोमेट विषारी आहे, लॅबमधलं काही घरी न्यायचं नाही आणि तपासलेलं काही तोंडात टाकायचं नाही.

११ जानेवारी, रविवार

ब्रेड नं. १. बिनमिठाचा. बाकी सगळं नेहमीचं, ५०० ग्रॅम पीठ (निम्मा मैदा, निम्मी कणीक), ड्राय यीस्ट ५ ग्रॅम, तेल, थोडा गूळ, पाणी.

पीठ मळताना हाताला चिकटायलं, सोडेचना. मीठ असलं की पिठातला चिवटपणा घट्ट धरतो आणि यीस्टलापण लगाम राहतो, दोन्ही गोष्टी गेल्या. थंडी असून पाऊण तासात दुप्पट, टिनमध्ये टाकल्यावर काठाच्या वर आलं, मी खूश, ओव्हनमध्ये ठेवलं आणि दहा मिनिटांत मधोमध खड्डा. कापल्यावर वर मोठी पोकळ भोकं आणि तळाला दाट गच्च पट्टी.

चव तर विचारू नका. आप्पांनी एक घास खाल्ला, पाणी प्यायले आणि म्हणले "चांगलाय." ज्या आवाजात चांगलाय म्हणले त्यावरून मला कळालं. उरलेला आईनं तव्यावर भाजून चहाबरोबर संपवला.

१४ जानेवारी

संक्रांत. काही केलं नाही. फक्त एक लिहून ठेवतो, काल भोगीची बाजरीची भाकरी तीळ लावून होती, आईनं पिठात मीठ टाकलं नव्हतं आप्पांमुळं, आणि कुणालाच कळालं नाही. भाजलेले तीळ. हे सँडविचला वापरायचं.

१८ जानेवारी, रविवार

ब्रेड नं. ३ (दोन नंबर मधे गुरुवारी केला होता, मीठ अडीच ग्रॅम, फुगला बरा पण चव सपाट, त्यावर जास्त लिहीत नाही).

आज जे झालं ते आईमुळं. मी ओट्यापाशी ब्रेडची चव कशी आणावी म्हणून बडबडत होतो तर ती म्हणली "येळवशीच्या आंबिलात कितीसं मीठ असतंय रे, तरी तांब्याच्या तांब्या पितास की." मी तिच्याकडं बघतच राहिलो. लातूरकडं येळवसला, म्हणजे वेळ अमावस्येला, शेतात जाऊन भज्जी-भाकरी आणि आंबील, ज्वारीचं पीठ ताकात आंबवून केलेलं. त्या आंबटपणानं जिभेला खारट कमी आहे हे जाणवतच नाही. आंबट असलं की थोडं मीठपण जास्त खारट लागतं, हे खरंच आहे, लिंबू पिळल्यावर वरण जसं उठतं तसं.

मग शनिवारी रात्री १०० ग्रॅम ज्वारीचं पीठ (मालदांडी, घरचीच गिरणीतून आणलेली) १५० एमएल आंबट ताकात कालवून झाकून ठेवलं, मीठ नाही. थंडी आहे म्हणून चुलत्यांच्या घरी आंबील ठेवतात तसं जुन्या ब्लँकेटमध्ये गुंडाळून. सकाळी वर बारीक बुडबुडे आणि वास एकदम येळवशीचा. त्यात २५० कणीक, १५० मैदा, यीस्ट ५, करडईचं तेल २०, गूळ १०, मीठ २.५ ग्रॅम आणि अंदाजे २०० एमएल कोमट पाणी, पाणी एकदम ओतायचं नाही, कणकेप्रमाणं कमीजास्त लागतं. ज्वारीत गव्हासारखा चिवटपणा नसतो, त्यामुळं पाचातला एक भाग ज्वारी, ह्याच्या पुढं गेलो की ब्रेड चुरा होणार. पूर्ण मैदा काढायचा मोह होता पण तीन स्लाइसचं सँडविच टोस्टरमध्ये दाबलं की फुटायला नको, म्हणून १५० ठेवला.

मळून दीड तास, टिनमध्ये पाऊण तास, १८० वर पस्तीस मिनिटं. ७८० ग्रॅम भरला. गरम गरम कापायचा नाही, पोरीनं कापला आणि कडा पिचली. संध्याकाळी थंड झाल्यावर नीट स्लाइस निघाले.

आप्पांनी नुसताच, काही न लावता, एक स्लाइस खाल्ला. मग दुसरा मागितला. मी आकडा सांगितला नव्हता. हिशेब : १०० ग्रॅम ब्रेडला ०.३२ ग्रॅम मीठ, बाजारच्या ब्रेडच्या पावपट.

२० जानेवारी

आप्पांना दाखवायला नेलं होतं. दोन प्रश्न लिहून नेले होते.

एक, कमी सोडियमचं मीठ वापरू का. त्यात सोडियमऐवजी काही भाग पोटॅशियम क्लोराइड असतं. डॉक्टर म्हणले तुमच्या आप्पांना टेल्मिसार्टन चालू आहे, ह्या गोळीनं शरीरात पोटॅशियम आधीच थोडं जास्त राहू शकतं, त्यात हे मीठ रोज घातलं तर वाढून हृदयाच्या ठोक्यांना त्रास होऊ शकतो, किडनीचा रिपोर्ट आणि पोटॅशियम बघितल्याशिवाय नको. हे ठळक लिहून ठेवतो कारण आमच्या गल्लीत दोन घरांत हे मीठ कुणाला न विचारता आणून वापरायलेत, आणि त्यातल्या एका काकांना किडनीचा त्रास आहे. उद्याच जाऊन सांगणार.

दोन, आप्पांचा प्रश्न, सैंधव चालतं ना? आणि काळं मीठ? नाही. दोन्ही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. रंग, वास वेगळा. आप्पांना हे पटायला वेळ लागला कारण उपासाला चालतं म्हणजे हलकं असतं असं डोक्यात पक्कं बसलेलं. शेवटी मी लॅबमध्ये सैंधवाचं टायट्रेशन, म्हणजे तीच सिल्व्हर नायट्रेटची चाचणी, त्यांच्यासमोर केलं. विटकरी लाल झालेलं त्यांनी चष्मा काढून, जवळ जाऊन बघितलं. "सारखंच की रं," म्हणले. त्यानंतर विषय संपला.

२४ जानेवारी, शनिवार

चीज. सगळ्यात अवघड वाटलं होतं. पर्याय तीन केले : घरचं पनीर किसून, चक्का, आणि दोन्ही मिसळून. नुसतं पनीर कोरडं पडतं, टोस्टरमधून बाहेर आलं की वाळूसारखं. नुसता चक्का पाणी सोडतो आणि खालचा स्लाइस लिबलिबीत. दोन्ही मिसळून, ४० ग्रॅम चक्का ३० ग्रॅम पनीर, हातानं मळून, त्यात भाजलेल्या लसणाच्या दोन पाकळ्या आणि मिरपूड. चीजसारखी तार येत नाही, ती येणारही नाही, पण तोंडात जो लोण्यासारखा गुळगुळीतपणा पाहिजे तो येतो. सोडियम दोन्हीचं मिळून तीसच्या आसपास, चीजचं ४२० होतं.

चक्का चार तास नाही, रात्रभर टांगायचा. दही म्हशीच्या दुधाचं.

१ फेब्रुवारी

मधे आठवडाभर पोरांच्या परीक्षांमुळं काही करता आलं नाही. आज चटणी आणि मसाला, दोन्ही बिनमिठाचे.

चटणी : कोथिंबीर मोठी मूठ, हिरव्या मिरच्या तीन (आप्पांना तिखट लागतंय), लसूण, भाजलेले शेंगदाणे एक चमचा, भाजलेलं जिरं, अर्धं लिंबू. पुदिना घातला होता पहिल्या वेळेस, लिंबू आणि पुदिना दोन्ही जास्त झालं की औषधासारखा वास येतो, काढला. शेंगदाणे हवेतच, नाहीतर चटणी पाणी सोडते.

चाट मसाला : जिरं भाजून, आमचूर, मिरं, थोडा ओवा, सुंठ. मीठ शून्य. बटाट्यात हा नाही, बटाट्यात आईचं काळं तिखट. त्यात मीठ नसतं, कांदा-लसूण मसाल्यात असतं, हा फरक लक्षात ठेवायचा.

बटरच्या जागी घरचं लोणी. ह्याच्यावर मी उगीच जास्त विचार करत होतो, तेल लावू का, काय करू. आई दर चौथ्या दिवशी साय घुसळते, ताजं लोणी, मीठ नावाला नाही. बाजारच्या बटरमध्येपण शंभरातले ऐंशी भाग फॅटच असतं, त्यामुळं लोण्यानं फॅट कमी होत नाही, प्रमाणच कमी करायचं. १८ ऐवजी ८ ग्रॅम, फक्त बाहेरून, ब्रशनं. आतून नाही, आत चक्का आहेच. हे आठ ग्रॅम बाहेर लागले की कुरकुरीतपणाला काही कमी पडत नाही.

७ फेब्रुवारी, शनिवार

पहिलं पूर्ण सँडविच. गॅसवरच्या हाताच्या टोस्टरमध्ये, मंद आचेवर, दोन्ही बाजूंनी चार-चार मिनिटं. मोठ्या आचेवर वरून करपतं आणि आत बटाटा थंड.

दिसायला एकदम गाडीवरचं. कुरकुर आवाज आला कापताना. आप्पांनी अर्धं खाल्लं आणि थांबले. मी म्हणलं काय कमी आहे, खरं सांगा. म्हणले "सगळं हाय, पण तोंडात टाकल्या टाकल्या जो झटका बसतोय ना, तो नाय." सॉसपण नव्हता, आणि वरून मीठ कुठंच नाही.

वाईट वाटलं. पाच आठवडे झाले. पण आप्पा बरोबर बोलले, आणि नेमकं काय नाही हे पहिल्यांदा कळालं.

१५ फेब्रुवारी, महाशिवरात्र

सगळ्यांना उपास, टोस्टर बंद. पण गंजगोलाईत, लातूरच्या बाजारात, गेलो होतो, सगळीकडं कवठाचे ढीग. शिवरात्रीला कवठ आमच्याकडं लागतंच. चार आणले. आईनं नेहमीसारखी गर, गूळ, जिरं कालवून चटणी केली, उपासाची म्हणून तिनं चिमूटभर सैंधव टाकायला हात नेला आणि आप्पाच म्हणले "टाकू नको, ते तेच हाय." आई माझ्याकडं बघायली.

ती चटणी चाखली आणि मला सॉस सापडला. आंबट, गोड, घट्ट, आणि वासाला स्वतःचं काहीतरी असलेली. कवठ पिकलेलं आहे का ते बघायचं तर जमिनीवर हातभर उंचीवरून टाकायचं, उसळलं तर कच्चं, धप्पकन बसलं तर पिकलं. आई तसंच करते.

१६ फेब्रुवारी

कवठाची चटणी सँडविचला : गर १०० ग्रॅम, गूळ ३० (आई ५० घालते, आप्पांची साखर नॉर्मल आहे पण उगीच कशाला), भाजलेलं जिरं, लाल तिखट अर्धा चमचा. बिया राहतात म्हणून चाळणीतून घासून काढली. दोन चमचे आतल्या बाजूला लावले. सॉसची आठवण येत नाही.

झटका मात्र अजून बाकी.

२१ फेब्रुवारी, शनिवार

आज सापडलं. नीट लिहितो.

मिठाचा कोटा ठरवला होता, एका सँडविचला वरून ०.४ ग्रॅम, काट्यावर मोजून, बोटाच्या चिमटीत बसतं त्याच्याहून कमी. आधी मी ते बटाट्यात मिसळून बघितलं होतं (गुरुवारी, आप्पांना न सांगता), काही फरक नाही, साठ ग्रॅम बटाट्यात ते हरवून गेलं. आज म्हणून खलबत्त्यात त्या मिठाची बिनमिठाच्या चाट मसाल्याबरोबर एकदम बारीक पूड केली आणि सँडविच टोस्टरमधून काढल्याबरोबर, लोणी अजून तडतडत असताना, वरच्या बाजूला भुरभुरली. कापून दोन त्रिकोण आप्पांपुढं ठेवले.

पहिला त्रिकोण खाल्ला, म्हणले "आज बरंय." दुसरा उचलताना हातात उलटा झाला, मसाल्याची बाजू खाली. घास घेतला. थांबले. ताटातल्या पहिल्याच्या उरलेल्या तुकड्याकडं बघितलं. "ह्याला मीठ जास्त टाकलास का?"

एकच सँडविच, एकच मसाला, मधून कापलेलं. फरक फक्त एवढा की दुसऱ्या वेळेस मसाल्याची बाजू सरळ जिभेवर आली. पहिल्या वेळेस ती टाळूला लागली. मी तिथंच उठून माझा तुकडा उलटा करून खाल्ला, बायकोनं खाल्ला, पोरीनं खाल्ला. सगळ्यांना तेच. मीठ जिभेला लागत नाही तोवर ते किती आहे ह्याला काही अर्थ नाही, चावून चावून आत मिसळेपर्यंत निम्मं तर कळतच नाही आणि गिळलं जातं. ब्रेडमधलं सव्वा टक्का मीठ मला कधी खारट का लागलं नाही ह्याचं उत्तर हेच.

आप्पांनी दोन्ही त्रिकोण संपवले आणि ताटलीत पडलेला चुरा बोटानं टिपून खाल्ला. हे त्यांनी डिसेंबरपासून कुठल्याच पदार्थाला केलं नव्हतं. मी स्वयंपाकघरात जाऊन उगीच टोस्टर पुसत बसलो थोडा वेळ.

२२ फेब्रुवारी

पक्का हिशेब. घरचा ब्रेड ९० ग्रॅम ११५ मिलिग्रॅम, वरून भुरभुरायचं मीठ ०.४ ग्रॅम म्हणजे १५७, चक्का-पनीर ३०, भाज्यांमधलं मूळचं (बीटमध्ये असतंच थोडं) ३०, चटण्या आणि लोणी मिळून फार तर दहा. एकूण ३४२. गाडीवरचं २१००. शेव काढून टाकली, तिच्या जागी भाजलेले तीळ लोण्याबरोबर बाहेरून, भोगीच्या भाकरीसारखे, टोस्टरमध्ये चिकटून बसतात आणि दाताखाली फुटतात.

ब्रेडचं टायट्रेशन परत केलं खात्रीसाठी. ताकामुळं आंबट, म्हणून कॅल्शियम कार्बोनेट आधीच टाकलं. १.५ एमएलला लाल. हिशेबानं १.४ यायला पाहिजे होतं, ताकाचं स्वतःचं थोडं क्लोराइड असणार. जुळलं.

२८ फेब्रुवारी, शनिवार

आप्पांचं बीपी गुरुवारी १३४/८४. हे गोळीचं आहे, पूर्ण दिवसाचं मीठ कमी केल्याचं आहे, सकाळच्या चालण्याचं आहे, आठवड्यातून एकदाच्या सँडविचवर ते लिहायचं नाही. इथं नोंद म्हणून फक्त.

आज डबा घेऊन बॅचला गेलो. टोस्टर नेला नाही, गाडीवाल्या मामांना विचारलं तुमच्यावर भाजून द्याल का, त्यांनी हो म्हणायच्या आधीच तवी पुसून घेतली. मी तीळ लावलेलं सँडविच दिलं, वरून भुरभुरायच्या मिठाची पुडी वेगळी. साडेसातला आप्पा आले. मामांनी कागदावर ठेवून, चार तुकडे करून, नेहमीसारखं पुढं केलं, आणि मी म्हणलं आप्पा उलटं धरा. दोघं उभे राहून खाल्लं, बारावीची पोरं आजूबाजूला, कुणी फिजिक्सचा पेपर अवघड गेला म्हणून सांगायलं, कुणी हसायलं. आप्पांनी एक तुकडा मामांना दिला. मामांनी चावला, परत चावला, "आंबट कशाचंय आत?" आप्पा म्हणले "कवठ. आणि ब्रेडमध्ये आंबील. आमच्या मालकिणीची आयडिया."

मामांनी कवठाच्या चटणीचं प्रमाण लिहून मागितलं, सॉसची बाटली महाग पडते म्हणले आणि बीपीवाली गिऱ्हाइकं त्यांचीपण तीन-चार आहेत. पुडीच्या कागदावर लिहून दिलं. मिठाचं खालच्या बाजूचंपण सांगितलं, ते त्यांनी लगेच स्वतःच्या एका सँडविचवर करून बघितलं.

पुढचं काम : कवठं आठ-पंधरा दिवसांत कमी होतील. सोमवारी गंजगोलाईत जाऊन पंधरा-वीस आणायची, गर काढून १०० ग्रॅमच्या पिशव्या करून फ्रीजरला टाकायच्या, गूळ नंतर घालायचा. मार्चपासून ऊन वाढलं की आंबील चार-पाच तासांतच आंबेल, रात्रभर ठेवायचं नाही, सकाळी लावून दुपारी मळायचं. यीस्ट ५ वरून ३ ग्रॅम करून बघायचं. लोण्याचा डबा आईला सांगून शनिवारसाठी वेगळा काढून ठेवायचा, पोरगी भाकरीवर संपवायली.